हिमालयन ४५०: वरचे पैसे नक्की कशाचे?

मंडळी, गेले दोन महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी मिसळीच्या रांगेतसुद्धा. "नवी हिमालयन ४५० घ्यावी का रे? एवढे पैसे वसूल होतात का?" मला विचारायचं कारण उघड आहे. माझ्याकडे २०१८ ची हिमालयन ४११ आहे, तिच्यावर ४६ हजार किलोमीटर झालेत, आणि मी प्रत्येक खर्चाची एक्सेल शीट ठेवतो ही माझी बदनामी सगळीकडे पोचलेली आहे. (हो, पेट्रोलची वेगळी शीट आहे. हसू नका.) दर वेळी तेच तेच बोलून घसा दुखायला लागला, म्हणून या शनिवारी एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच चहाला जावं. पहिलीच मोठी गाडी घेणार असाल, तर ४५० ची किंमत वाजवी आहे. दारात ठणठणीत ४११ उभी असेल, तर नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकाच दमात विचारतात, तिथेच सगळा घोळ होतो.

आता थोडा इतिहास. रॉयल एन्फिल्डने पहिली हिमालयन २०१६ साली आणली. ४११ सीसी, हवेवर आणि तेलावर थंड होणारं एका सिलिंडरचं इंजिन, २४ अश्वशक्ती, पाच गियर, एक्स-शोरूम किंमत साधारण १ लाख ५५ हजार. त्याआधी आपल्याकडे या प्रकारात होतं काय? एकीकडे दहा लाखांच्या पुढच्या परदेशी गाड्या, दुसरीकडे २०११ ची हीरो इम्पल्स, जी बिचारी आली तशी गेली. बाकी जनता पल्सरला कॅरियर ठोकून लडाख गाठत होती. त्यामुळे हिमालयन आली तेव्हा पहिल्या लॉटबद्दल तक्रारी भरपूर झाल्या, तरी लोकांनी तिला पोटाशी धरलं. मग २०१७ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, २०१८ मध्ये एबीएस, २०२० मध्ये बीएस-६, २०२१ मध्ये रस्ता दाखवणारा तो छोटासा गोल ट्रिपर. आणि दर वेळी किंमत हळूच वर. २०२३ मध्ये ही गाडी बंद झाली तेव्हा ती सव्वादोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे सात वर्षांत साठ-सत्तर हजार वाढले, इंजिन तेच, सांगाडा तोच. याबद्दल कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

मग २४ नोव्हेंबर २०२३ ला गोव्यात, मोटोव्हर्सच्या मेळाव्यात, नव्या ४५० ची किंमत जाहीर झाली: २ लाख ६९ हजारांपासून पुढे. आणि एकच गलका. "लूट आहे!" "हिमालयन गरिबांची गाडी होती!" वगैरे वगैरे. अहो, पण शेवटच्या ४११ पेक्षा फरक चाळीस-पन्नास हजारांचाच होता. त्यात ४५२ सीसीचं पाण्यावर थंड होणारं कोरं इंजिन मिळालं, ४० अश्वशक्तीचं. सहा गियर. पुढे उलटे फोर्क, दोन्ही चाकांना २०० मिलिमीटरचा प्रवास, पुढची डिस्क ३०० वरून ३२० मिलिमीटर, टाकी १५ लिटरची १७ लिटर. हॅलोजनच्या मिणमिणत्या दिव्याच्या जागी एलईडी. एवढं सगळं वाढवून गाडीचं वजन १९९ किलोवरून १९६ वर आणलं, हे तर मला इंजिनियर म्हणून फार आवडलं. आपल्या धंद्यात नवीन व्हर्जन म्हणजे जास्त मेमरी खाणार हे गृहीतच असतं.

थोडक्यात काय, जुनी गाडी न बदलता साठ-सत्तर हजारांनी महाग झाली तेव्हा सगळे गप्प, आणि सगळी गाडी बदलून चाळीस-पन्नास हजार मागितले तेव्हा बोंबाबोंब. हळूहळू वाढलेलं बिल आपल्याला टोचत नाही. (क्लाउडच्या बिलाबाबतही आमच्याकडे हेच झालं होतं, पण तो विषय वेगळ्या शनिवारचा.)

आता कागदावरचे आकडे बाजूला ठेवू. मार्चमध्ये एका मित्राची ४५० दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि माझ्या नेहमीच्या रस्त्यावर नेली: पुणे, भोर, वरंधा घाट, महाड, मग माणगावहून ताम्हिणी चढून परत. हा रस्ता ४११ वर मी निदान पंधरा वेळा केला असेल, त्यामुळे कुठे कोणता गियर लागतो हे हातापायांना पाठ आहे.

पहिला फरक हायवेवर लगेच कळतो. ४११ वर मागे बायको आणि दोन बॅगा असताना चढावर ट्रक ओलांडायचा म्हणजे आधी अर्ज करावा लागतो, मग मंजुरी येते. गियर खाली, समोरून कोणी येतंय का ते पाहा, पुन्हा पाहा, आणि मग "चल गं बाई" म्हणत थ्रॉटल पिळा. ४५० वर ट्रक दिसला, गेला, संपलं. हा वेगाचा माज नाही. समोरच्या लेनमध्ये तुम्ही आठ सेकंद राहता की चार, हा फरक आहे, आणि घाटात तो फरक फार मोठा असतो. ब्रेकचंही तसंच. वरंध्याच्या खराब पट्ट्यात जिथे ४११ चं मागचं टोक खड्ड्यानंतर एकदा वर उडून मग खाली बसायचं, तिथे ४५० एकदाच दबली आणि शांत झाली. दोन दिवसांनी माझी कंबर जास्त चांगली होती, एवढं सांगितलं की पुरे.

पण दुसरी बाजूही आहे. ४११ चं ३२ न्यूटन मीटरचं टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळतं. ४५० चं ४० न्यूटन मीटर आहे, पण ते साडेपाच हजारांवर. म्हणजे ही गाडी फिरवावी लागते. भोरच्या बाजारातून, म्हशी आणि टेम्पोंच्या मधून, ४११ दुसऱ्या गियरमध्ये ट्रॅक्टरसारखी टुकूटुकू जाते, क्लचला हात लावायला लागत नाही. ४५० तिथे पहिला गियर मागते. रोज संध्याकाळी सिंहगड रोडला अडकणाऱ्या माणसाला हा गुण नाही, हा वैतागच वाटेल.

आणि तो गोल टीएफटी पडदा, गुगल मॅप्सवाला. दिसतो झकास. पण त्यासाठी खिशातला फोन चालू ठेवावाच लागतो आणि बॅटरी तिथे जाते. पंधराशे रुपयांच्या मोबाइल होल्डरने हेच काम होतं. माझ्या हिशेबात या पडद्याची किंमत शून्य. रंगाचंही तसंच बघा. गाडी बाजारात आली तेव्हा काझा ब्राऊन सगळ्यात स्वस्त आणि हानले ब्लॅक त्याहून पंधरा हजारांनी महाग. यंत्र तेच. काझा आणि हानले ही दोन्ही हिमालयातली गावं, त्यामुळे नावं वाचून जीव हुळहुळतो हे मान्य, पण पंधरा हजारांत काझाला प्रत्यक्ष जाण्याचा बराचसा खर्च निघतो की राव. याउलट ट्यूबलेस स्पोक चाकं, जी २०२४ मध्ये दहा-बारा हजार जास्त मोजून मिळायला लागली, ती डोळे झाकून घ्या. ट्यूबच्या चाकाचं पंक्चर म्हणजे चाक काढा, टायर सोडवा, ट्यूब काढा, आणि हे सगळं आडरानात, संध्याकाळी. ट्यूबलेसला दहा मिनिटांत काडी घुसवून मोकळे.

आता खरा प्रश्न. ही ४० अश्वशक्ती आपण वापरणार कुठे?

महाराष्ट्रात राहणाऱ्याने हा प्रश्न जरूर विचारावा, कारण आपल्याकडचे सगळ्यात गुळगुळीत रस्ते दुचाकीला बंद आहेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे बंद. समृद्धी बंद. अटल सेतू बंद, वांद्रे-वरळी सी लिंकही बंद. तीन-साडेतीन लाखांची गाडी घ्यायची आणि खोपोलीहून जुन्या हायवेने टँकरच्या मागे मागे जायचं, असं आपलं ॲडव्हेंचर. जिथे परवानगी आहे तिथेही २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा. आणि ऐंशीने ४११ दिवसभर कुरकुर न करता पळते. तिची खरी धाप शंभरच्या पुढे लागते. म्हणून "हायवेला पॉवर लागते" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कुठल्या हायवेला?

माझी शीट काय म्हणते ते बघा. ४६ हजारांपैकी २१ हजार किलोमीटर ऑफिस आणि शहर. १३ हजार हायवे. ९ हजार घाट आणि गावांकडचे डांबरी रस्ते. खरोखर कच्चे, दगडधोंड्यांचे रस्ते जेमतेम ३ हजार, आणि त्यातले निम्मे दोन हिमालयाच्या ट्रिपमधले. मी स्वतःला फार भटक्या समजतो, तरी हे असं. तुमची शीट काढली तर कच्च्या रस्त्यांचा आकडा याहून मोठा निघेल असं मला वाटत नाही. चिडू नका, काढून बघा.

मात्र हिमालयाच्या बाबतीत ४५० च्या बाजूने एक जबरदस्त मुद्दा आहे आणि तो शोरूममधला सेल्समन कधी सांगत नाही. उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाला श्वास कमी मिळतो. खारदुंग-ला साधारण ५,३५० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्याही किंचित खाली जाते. ढोबळ हिशेब केला तर ४११ ची २४ अश्वशक्ती तिथे १४ च्या घरात येते, म्हणजे आपल्याकडच्या दीडशे सीसीच्या गाडीइतकी, आणि ओझं मात्र दोनशे किलोंचं अधिक दोन माणसं अधिक सामान. ४५० ची ४० उतरून २३ च्या आसपास येते. म्हणजे खारदुंग-लाच्या माथ्यावर नवी गाडी जवळजवळ तेवढं ओढते जेवढं जुनी पुण्यात ओढते. २०२२ मध्ये मी आणि बायको तिथे चढत होतो तेव्हा शेवटच्या काही वळणांवर ती उतरून चालायला लागली होती. गाडीवर दया येऊन, असं ती म्हणते. तेव्हा जोडीने आणि सामानासकट वर जाणाऱ्याला हे वरचे पैसे पुरेपूर वसूल.

एकट्याने सह्याद्रीतल्या लाल चिखलात खेळणाऱ्याला मात्र नाही. तिथे पॉवर लागतच नाही, तिथे वजन मारतं. चिखलात गाडी आडवी झाली की १९९ आणि १९६ किलोंत काही फरक नसतो, दोन्ही वेळा गावातल्या माणसाला हाक मारावी लागते. या लोकांनी सरळ हीरो एक्सपल्स २१० बघावी. जानेवारी २०२५ मध्ये पावणेदोन लाखांना आली, सहा गियर, पाण्यावर थंड होणारं इंजिन, वजन १७० च्या आसपास. आणि गंमत म्हणजे तिची अश्वशक्ती आहे २४! जुन्या हिमालयनइतकीच. (टॉर्क कमी आहे, ओझं ओढायला ती हिमालयन नाही, हे खरं.)

हे लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलाने सगळं गणितच हललं. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर २८ टक्के होता तो १८ झाला. त्यावरच्या गाड्यांवर सेस धरून ३१ होता तो ४० झाला. एकाच दिवशी एक्सपल्स २१० साधारण चौदा हजारांनी उतरली आणि हिमालयन ४५०, जी तोवर २ लाख ८५ हजारांपर्यंत आली होती, ती तीन लाखांच्या पुढे गेली. आता बेरीज करा. तीन लाख पाच हजारांच्या गाडीत जीएसटीच सत्त्याऐंशी हजारांचा. त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स साधारण बारा टक्के, म्हणजे आणखी छत्तीस-सदतीस हजार. सव्वा लाख रुपये सरकारकडे गेले, गाडी अजून शोरूमबाहेर आलेली नाही. मग पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, जो ३५० सीसीवर गेलात की २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे पंधरा हजारांच्या वर, आणि त्याखाली राहिलात तर साधारण निम्मा. तेव्हा "कंपनी लुटते" म्हणणाऱ्यांनी पावतीच्या ओळी एकदा नीट वाचाव्यात. गाडी सुधारली म्हणून लागलेले पैसे वेगळे आणि ३५० ची रेष ओलांडली म्हणून लागलेले पैसे वेगळे. दुसरे मला खरोखर अन्यायाचे वाटतात. चार-साडेचारशे सीसीची एका सिलिंडरची गाडी आणि वीस लाखांची सुपरबाईक एकाच खान्यात टाकणारा माणूस दुचाकीवर बसत नसावा.

आता जुनी गाडी असणाऱ्यांचं गणित, म्हणजे माझंच. एका डीलरने माझ्या ४११ चे एक्स्चेंजमध्ये ९५ हजार सांगितले. नवी रस्त्यावर येईपर्यंत ३ लाख ६५ हजार. म्हणजे माझ्यासाठी ४५० ही चाळीस-पन्नास हजारांची सुधारणा नाहीच, ती २ लाख ७० हजारांची आहे. फेसबुकवर जो फरक सांगतात तो दोन नव्या गाड्यांमधला. माझा फरक चालणाऱ्या, हप्ते फिटलेल्या गाडीपासून मोजायचा. या पैशात मला मिळणार काय? तर वर्षातल्या पन्नास वीकेंडपैकी दहांना चांगलं सस्पेन्शन, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा खिंडीवरची जास्तीची नऊ अश्वशक्ती. उरलेले सगळे दिवस कर्वेनगर ते बाणेर. तेवढ्याच पैशात स्पितीच्या पाच-सहा ट्रिप होतात. पण होत नाहीत, कारण माझ्याकडे कमी काय आहे तर रजा. आणि हे लिहायला जरा जड जातं, पण आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या अपग्रेडमागे हेच असतं. जाता येत नाही म्हणून घेता येतं ते घ्यायचं.

टीममधल्या पोराचं गणित वेगळं. वय २६, हिंजवडीत पीजीवर राहतो, आजवर स्प्लेंडर चालवली, आणि पुढच्या जूनमध्ये लडाखला जायचंय, मागे मैत्रीण. "दादा, तुम्ही सांगाल ते घेतो" म्हणाला. (अशा वाक्यांची भीती वाटते.) त्याला मी सांगितलं, ४५० घे. सगळ्यात स्वस्त रंग, ट्यूबलेस चाकं, ॲक्सेसरीजचं पुस्तक उघडूच नकोस, त्याऐवजी दोघांसाठी चांगलं हेल्मेट आणि जॅकेट. जुनी ४११ शोधत बसण्यापेक्षा त्याला हीच गाडी पुढची दहा वर्षं पुरेल. पण एक अट घातली. ३ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ९,७५० च्या आसपास बसतो आणि एकूण व्याज ५१ हजार. म्हणजे जुन्या-नव्या गाडीत २०२३ मध्ये जो फरक होता, ज्यावरून एवढी बोंबाबोंब झाली, तेवढे पैसे तो नुसत्या व्याजात देणार. प्रोजेक्ट गेला तर बेंचवर किती दिवस ठेवतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सहा हप्त्यांचे पैसे आधी बँकेत, मग बुकिंग. तो जरा हिरमुसला. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला.

माझ्या ४११ ला मी नवे टायर, चेन सेट, स्टिअरिंगचे बेअरिंग, मागचा शॉक आणि दोन जास्तीचे एलईडी दिवे लावले. सगळं मिळून ३४ हजार, शीटमध्ये नोंद केलीय. सप्टेंबरमध्ये स्पितीचा बेत आहे, बारा दिवसांचा. रजेचा अर्ज टाकलाय. मॅनेजर म्हणतोय, रिलीज झाल्यावर बघू.